उघडं दार : पंडिता रमाबाईंचा धर्मशोध

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी बोलताना आपण बहुधा एका तारखेपाशी थांबतो. २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज नावाच्या लहानशा गावी, तिथल्या चर्चमध्ये, रमाबाईंनी आपल्या अडीच वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्या तारखेच्या अलीकडे ‘हिंदू रमाबाई’ आणि पलीकडे ‘ख्रिस्ती रमाबाई’, अशी सरळ रेघ आपण मारून टाकतो. कुणी त्या रेघेवरून त्यांना दोष देतो, कुणी त्यांचं कौतुक करतो. रमाबाईंनी स्वतः मात्र आपल्या आयुष्याचा हिशेब असा मांडलेला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त काही मिळाला नाही. हे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात उघड लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्या घटनेवरून पुण्यात एवढा गदारोळ झाला, ती त्यांच्या लेखी वाटेवरची एक पायरी होती. त्या वाटेचा माग आज घेऊ.

सुरुवात गंगामूळच्या अरण्यात होते. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी गृहस्थ. बायकोला संस्कृत शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला. शास्त्रात स्त्रीशिक्षणाला आडकाठी नाही हे त्यांनी उडुपीच्या सभेत आधारांसह मांडलं आणि अखेर रानात घर बांधून राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घर सुटलं आणि सारं कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराणं सांगू लागलं. शाळा नाही, गाव नाही, सवंगडी नाहीत. आईच्या तोंडून ऐकलेले हजारो श्लोक, एवढीच त्या मुलीची शिदोरी.

मग १८७४ च्या सुमारास दुष्काळ आला. पुराण सांगून पोट भरणाऱ्या या माणसांना अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागायला मन घेत नव्हतं. होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत, नवसांत गेलं. देव काहीतरी करील म्हणून वाट पाहत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. आईला स्मशानात न्यायला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंचीने लहान असल्यामुळे त्यांनी तिरडीचं आपल्याकडचं टोक डोक्यावर घेतलं आणि काही मैल चालल्या. पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या अशी दोघं हजारो मैल पायी हिंडली. एकदा झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली आणि अंगावर पांघरूण नव्हतं. दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात शिरून गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली.

त्यांच्या श्रद्धेला तडा गेला तो या दिवसांत. ख्रिस्ती मिशनऱ्यांची त्यांच्याशी गाठ पडण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ‘मिशनऱ्यांनी फूस लावली’ असं म्हणणाऱ्यांनी हा काळ कधी नीट पाहिला नाही.

१८७८ मध्ये दोघं भावंडं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची एक तरुणी भागवत मुखोद्गत म्हणते, पंडितांशी संस्कृतात बोलते, हे पाहून बंगाली विद्वान थक्क झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या तिथल्याच. याच शहरात त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती उपासना पाहिली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून डोळे मिटून बसले होते. तेव्हा हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असं रमाबाईंना वाटलं! ही हकिकत त्यांनीच मिस्कीलपणे सांगितली आहे. त्या वेळी त्यांना संस्कृत बायबलाची एक प्रत भेट मिळाली. उघडून पाहिली, पण भाषा आणि विचार दोन्ही इतके अनोळखी की वाचवेना.

कलकत्त्यात एक वेगळीच गोष्ट घडली. बायकांपुढे व्याख्यानं द्यावीत म्हणून त्यांना धर्मशास्त्र वाचायला सांगण्यात आलं. पुराणं आणि काव्यं पाठ असलेल्या या विदुषीने स्मृतिग्रंथ बारकाईने वाचले ते प्रथम इथे. ग्रंथांचे आपसांत कितीतरी मतभेद होते. मात्र एका बाबतीत सगळ्यांचं एकमत त्यांना दिसलं. स्त्रीला स्वतःची अशी मुक्ती नाही. पती हाच तिचा देव, त्याच्या सेवेतून मिळेल ते तिचं, आणि वेदाचा तिला अधिकार नाही. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती दिली आणि वाचा म्हणून सांगितलं, तेव्हा त्या चकित झाल्या. वाचलं, पण समाधान झालं नाही. इथून पुढे रमाबाईंचा प्रश्न ठरून गेला. ईश्वरापुढे मी कोण? कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची विधवा हे बाजूला ठेवून, मी म्हणून तिथे माझं काही खातं आहे की नाही? पुढची चाळीस वर्षं त्या हाच प्रश्न वेगवेगळ्या दारांशी विचारत राहिल्या.

मधल्या घटना भराभर घडल्या. १८८० मध्ये ढाक्याला भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. आसामातल्या सिल्चरला संसार मांडला. तिथे घरच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती लागली. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या कथा समजावून सांगू लागला. नवऱ्याला हे रुचलं नाही. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा मुलीला घेऊन पुण्याला आली. तिने आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर मागितल्या. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये ती विलायतेला निघाली. वैद्यकी शिकायचा मानस होता. कमी ऐकू येत असल्यामुळे तो पुढे सोडावा लागला.

वाँटेजच्या मठात सिस्टर्सनी त्यांची व्यवस्था केली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे आत्महत्येने अंत झाला. परक्या देशात या आघाताने रमाबाईंचं काय झालं असेल, याची कल्पनाच करावी लागते. त्याविषयी त्या फारसं बोलल्या नाहीत. त्यांनी सविस्तर सांगितलं आहे ते लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमाविषयी. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची सिस्टर्स तिथे शुश्रूषा करत, त्यांना कामधंद्याला लावत. असं काम रमाबाईंनी आपल्याकडे पाहिलं नव्हतं. आपल्या शास्त्रात तर अशा बाईला कठोर शिक्षा होती. या बायकांविषयी तुम्हांला एवढी करुणा का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. जातीने हलकी मानलेली, चारित्र्याने बदनाम. तिच्यापाशी येशू पाणी मागतो आणि खरी उपासना कशी असते हे तिला समजावून सांगतो. कलकत्त्यातल्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते या गोष्टीत. बौद्धिक शंका राहिल्या होत्या. त्यांतल्या काहींचं निरसन काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या पत्रांनी केलं. आणि बाप्तिस्मा झाला.

इकडे पुण्यात संताप उसळला. बाजूने बोलणारे थोडेच. त्यांत जोतीराव फुले होते. ‘सत्सार’च्या १८८५ मधल्या अंकात त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

पण खरी लढाई चालली होती इंग्लंडमध्ये, आणि तिची खबर पुण्याला नव्हती. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींची पत्रं जेराल्डीनबाईंनी जपून ठेवली. अ. भि. शहांनी संपादित केलेला तो संग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्याला रमाबाई समजून घ्यायच्या आहेत त्याने चरित्रं मागाहून वाचावीत, आधी ही पत्रं वाचावीत, असं मला वाटतं.

भांडणाचे विषय वरवर पाहता किरकोळ आहेत. रमाबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. ज्यात अंडं घातलंय ते पक्वान्नही त्यांना चालेना. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत, हेही त्यांना पटेना. त्यांचं विचारणं असं की, ब्राह्मणांना जसं संस्कृतचं सोवळं वाटतं तसंच तुम्हांला लॅटिनचं वाटतं का? आणि पुढे त्या म्हणतात, मला संस्कृत हवी ती देववाणी म्हणून नव्हे, माझ्या देशाची जुनी सुंदर भाषा म्हणून. एका सोवळ्यातून सुटलेल्या बाईने दुसरं सोवळं नेमकं ओळखलं होतं.

मग विषय चढत गेले. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावं, अशी सूचना प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडून आली. हे कानावर जाताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. अशाने हिंदू स्त्रियांमध्ये रमाबाईंचं वजन कमी होईल म्हणे! रमाबाईंनी ताडकन उत्तर दिलं. माझ्या आईने शिकवलं, मी शिकवलं, त्याला माझ्या बापाने किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही. ती तुम्ही घेता याचं नवल वाटतं, अशा अर्थाचं ते पत्र आहे. वाचताना उडुपीच्या सभेतले अनंतशास्त्री डोळ्यांपुढे येतात.

सर्वांत कडू वाद झाला तो श्रद्धेच्या मूळ तत्त्वांवर. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना बायबलात सापडेना, ख्रिस्ताचा कुमारीपासून जन्म पटेना. चर्च सांगतं म्हणून मानायचं, याला त्यांची तयारी नव्हती. जेराल्डीनबाईंना हा अहंकार वाटला. मुलगी अजून कच्ची आहे, तिने नम्रपणे शिकावं, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी उलट लिहिलं त्याचा आशय असा : आपल्याकडच्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे. आता तसंच दुसरं जोखड देवाची आज्ञा म्हणून मानेवर घ्यायला मी राजी नाही. मला सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे.

‘परिपक्वता’ म्हणजे आज्ञापालन, ही जेराल्डीनबाईंची कल्पना. ती ढोंगी नव्हती. त्यांचं सारं मठजीवन त्यावर उभं होतं. स्वतः तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही रमाबाईंची कल्पना. ती त्यांनी ना ऑक्सफर्डमधून उचलली होती ना बोस्टनहून. ती वडिलांच्या घरातली होती. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, आणि भांडण अखेरपर्यंत पूर्ण मिटलं नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तीन वर्षं राहिल्या. बोस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा, त्यांचे आचारविचार पाळण्याची मोकळीक, धर्मशिक्षण नाही, असा करार होता. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, याच सदनात शिकल्या. गंमत अशी की प्रथम टीका केली ती ख्रिस्ती मंडळींनी. ख्रिस्ताचं नाव न घेता शाळा चालवणारी ही कसली ख्रिस्ती, म्हणून.

आणि मग १८९१ साल. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. चर्चमध्ये पाळकाचं काम करीत असतानाच या माणसाला कळून चुकलं होतं की आपली श्रद्धा उसनी आहे. रमाबाईंना त्यात स्वतःचं चित्र दिसलं. आपण एक मत स्वीकारलं, कारण ते युक्तिवादात सरस ठरलं. स्त्रीला त्यात जागा होती, करुणा होती. पण ज्याच्याविषयी हे मत आहे त्याची नि आपली भेट झालीच नाही. पत्रांमधल्या तडफदार रमाबाईंना बिशपांपुढे कधी हार मानावी लागली नव्हती. इथे कुणाशी वाद नव्हता. आयुष्यभर त्या शुद्ध होण्यासाठी झटत आल्या होत्या, आधी व्रतांनी, मग विचारांनी. आहोत तशा पुढे जायचं आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. ज्यांना श्रद्धेची भाषा परकी वाटते त्यांनीही एवढं लक्षात घ्यावं की या वर्षानंतरच्या रमाबाईंचा सूर पालटलेला आहे. पत्रांतली धार कमी होते, निश्चय मात्र वाढतो.

त्याची कसोटी लगेच लागली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत आणि खोलीचं दार उघडं असे. सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला, ‘केसरी’ने हल्ला चढवला. दार लावून घ्या आणि मुलींना येऊ देऊ नका, असं सल्लागारांचं म्हणणं पडलं. रमाबाईंनी नकार दिला. बोलवणार नाही, पण दारही लावणार नाही. मुलींना आपापले देव पूजण्याची मोकळीक आहे, तशी इथे येऊन बसण्याचीही आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या.

या प्रकरणात न्याय कुणाच्या बाजूला होता? पालकांनी एका कराराच्या भरवशावर मुली धाडल्या होत्या आणि त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. ज्या बाईंवर मुलींचं अन्नवस्त्र अवलंबून आहे, त्यांच्या उघड्या दाराला ओढ असणारच. रानड्यांना दोष देववत नाही. तरी मला असंही वाटतं की या भांडणात त्या मुलींना काय हवंय हे एकट्या रमाबाईंनीच विचारलं. इतरांच्या लेखी त्या पालकांच्या, समाजाच्या, फार तर सुधारणापक्षाच्या मुली होत्या. विधवा मुलीला स्वतःचं मन असतं आणि ते देवाच्या बाबतीतही असतं, ही गोष्टच त्या काळी ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्यानंतर पुण्याच्या सुधारकी वर्तुळाशी त्यांचं नातं सुटत गेलं. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिकडे धावल्या. उपाशी मुली पाहून त्यांना आपली बहीण आठवली नसेल असं कसं म्हणावं? शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या या माळरानावर विहिरी खणल्या, शेती, माग, तेलघाणा, छापखाना उभा केला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलीबायकांची संख्या दीड हजारांवर गेली. या मुक्ती सदनात जातीची अट नव्हती. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. हे सारं आता उघडपणे ख्रिस्ती होतं. दुष्काळातल्या मुलींच्या धर्मांतरावर तेव्हाही आक्षेप होते, आजही आहेत, आणि ते घ्यायला जागा आहे. रमाबाईंच्या पुढच्या लेखनात हिंदू धर्माविषयी कठोरपणा आला, हेही नाकारता येत नाही. एके काळी दोन्ही बाजू तोलणारी लेखणी एका बाजूला कलली. मात्र संस्थेचं नाव पाहा. ‘मुक्ती’. स्मृतिग्रंथांत जे स्त्रीच्या वाट्याला नव्हतं तेच फाटकावर लिहिलं.

शेवटची सतरा-अठरा वर्षं त्यांनी एका कामाला दिली : बायबलाचं मराठी भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. केडगावच्या शेतावर राबणाऱ्या बाईला ते कळत नव्हतं. शिवाय त्यातले अनेक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थाने भारलेले होते. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इथे नारायण वामन टिळक आठवतात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी अभंगाची वाट धरली आणि मराठी ख्रिस्ती भक्तीला तिचा सूर दिला. रमाबाईंनी उलटं केलं, जुने अर्थ चिकटलेले शब्द वेचून बाजूला काढले. कानाला टिळकांची मराठी अधिक गोड लागते, यात शंका नाही. रमाबाईंची मराठी रूक्ष आहे, कुठे कुठे ओबडधोबडही. भागवत मुखोद्गत असलेल्या पंडितेने ती जाणून तशी ठेवली. शब्दाचा अर्थ विचारायला बाईला कुठल्या शास्त्र्याकडे जायला लागू नये, आणि पाद्र्याकडेही नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. कामाची वारस म्हणून जिच्याकडे पाहत होत्या ती चाळिशीतली मुलगी आईच्या आधी गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवले होते, फर्मे छापले होते, ते मुक्ती सदनातल्या बायकांनी. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात तिथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.